गोदामाच्या केबलवरचे आठ दिवे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी आणि माझे मिस्टर आदिलाबादला नेटवर्क केबलिंगची कामं घेतो. आमच्या धंद्यात टेस्टरचा दिवा लागतो, नाहीतर लागत नाही... मधलं काही नसतं.

बोथच्या रस्त्याला एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम होतं. ऑफिसातल्या नेटवर्क स्विचपासून मागच्या कापसाच्या गोदामापर्यंत जुनी कॉपर केबल होती. सकाळी तपासली, एकही दिवा लागला नाही. मी म्हटलं, टोकं नवीन लावून बघू, चालेल. मिस्टरांचं म्हणणं, फायबरच टाकू.

"लांबी जास्त हाय. अन् पावसात वीज पडली का तांब्यातून सीधी स्विचात येते," ते म्हणाले.

बरोबरच होतं, पण मालकासमोर म्हणाले म्हणून माझं डोकं फिरलं. शब्दाला शब्द वाढला. शुगरची गोळी घेतली होती, तरी डबा न खाताच ते फायबर घेऊन गोदामाकडे गेले.

दुपारी ऑफिसातल्या नव्या केबल तपासायच्या होत्या. टेस्टरचे दोन भाग असतात. मोठा मी स्विचपाशी लावते, छोटा मिस्टर खोलीखोलीत जाऊन दुसऱ्या टोकाला लावतात. दोन्ही लागले तरच आठ दिवे ओळीनं पळतात. ते परत येऊन खोल्यांत असतील असं धरून मी एकेक केबल लावत होते... काहीच नाही. फोनही उचलेनात. म्हटलं, रुसलेत, रुसू दे. तेवढ्यात ती जुनी कॉपर हाताला आली. उगाच लावून बघितली, तर आठही दिवे पळायला लागले. ओळीनं, पुन्हा पुन्हा.

म्हणजे स्वारी गोदामात बसून गुपचूप माझंच म्हणणं तपासत होती! मी भांडायला तरातरा निघाले.

गोदामात ते कापसाच्या गाठीला टेकून पडले होते. घामानं निथळत होते, जीभ जड झालेली, मला ओळखतही नव्हते. शुगर पार उतरली होती. चौकीदाराच्या मदतीनं थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

संध्याकाळी चार्जर काढायला पर्स उघडली, तर टेस्टरचा छोटा भाग आत. सकाळच्या भांडणात मीच टाकला असणार. म्हणजे गोदामातल्या टोकाला काहीच लावलेलं नव्हतं...

मिस्टर बरे झाल्यावर आम्ही दोघांनी ती केबल चाचपत पाहिली. छपराखाली उंदरांनी कुरतडून तिचे दोन तुकडे केले होते, टोकं लोंबत होती. तुटलेल्या जागेवर जुनी जळमटं. टेस्टर बिघडला म्हणावं, तर तो आजही नीट चालतो. त्या केबलवर मात्र नंतर एकदाही दिवा लागला नाही.

शिडीवरून उतरल्यावर मिस्टरांनी विचारलं, "तू तं भांडालेच आलती ना?"

"हो," मी म्हटलं.

दिवे कशानं लागले, मला आजही सांगता येत नाही. पण ते लागले नसते तर मी आपणहून गोदामात गेले नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि त्यांनाही.