भाऊंचा उष्णकटिबंध

आयर्लंड हा उष्णकटिबंधीय देश आहे असं मनापासून सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होता, आणि तो ॲथलोनमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहत होता. मूळचे नागपूरचे, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे ‘उष्णकटिबंधीय’ हा शब्दसुद्धा पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला, तोही जानेवारीत, ते गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असताना. “हे तात्पुरतं आहे,” असं ते वर म्हणाले. भाऊ बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत. आत तीन बनियन असत, पण त्यांच्याकडे आपण बघायचं नसे. एकदा त्यांनी खिडकीत मुगाच्या वड्या वाळत घातल्या. अकराव्या दिवशी वड्यांवर हिरवी लव उगवली, तेव्हा ते ताट घेऊन आमच्या दारात आले. “पाहिलं? दमट हवा! कोकणात हेच होते.”

या सगळ्या भूगोलाच्या मुळाशी वहिनी होत्या. त्या नागपुरात शाळेत शिकवायच्या आणि दोन वर्षं एकच वाक्य म्हणत होत्या, “थंडीच्या देशात मी येत नाही.” आता भाऊंना महिनाअखेरीस ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. वहिनी येणार असतील तर इथे राहायचं, नाहीतर कायमचं परत. म्हणून २०१७च्या मे महिन्यात त्यांनी शेवटचा उपाय काढला. पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर एक साधं गेस्टहाउस होतं आणि त्याच्या दारात, फोटोत तरी, चक्क ताडासारखं झाड होतं. तिथे राहून पुरावे गोळा करायचे! मला आणि माझ्या फ्लॅटमेटला त्यांनी बरोबर घेतलं. “तुझा कॅमेरा चांगला आहे,” ते मला म्हणाले, “अन् तू बोलत नाहीस. साक्षीदार असाच पाहिजे.”

गेस्टहाउसमध्ये दोन खोल्या, कुबट वासाच्या रजया, आणि गरम पाण्याचं बटण बंद करायला विसरू नका हे सांगणाऱ्या तीन पाट्या होत्या. बोटीतून भाऊ बर्म्युडा चड्डीत उतरले, ओलेचिंब, आणि मालकीणबाईंकडे पहिली मागणी केली ती मच्छरदाणीची. त्या वाऱ्यात टिकेल असा डास अजून जन्मायचा होता. सत्तरीच्या त्या आजीबाईंनी भाऊंकडे, मग आमच्याकडे पाहिलं. माझ्या फ्लॅटमेटने खरं कारण सांगून टाकलं. “बायकोसाठी? मग ग्रँड,” म्हणत त्यांनी प्रेस उघडला (तिथे कपाटाला प्रेसच म्हणतात), आतून लेसचे जुने पडदे काढले आणि मासेमारीच्या दोरीने पलंगाच्या चारी कोपऱ्यांना बांधले. भाऊ आत आडवे झाले. मी फोटो काढला. मग नारळ. तो ॲथलोनच्या दुकानातून आणलेला, शेंडीवाला, सुका. त्यात स्ट्रॉ शिरेना, म्हणून आजीबाईंनी ती मेणबत्तीच्या मेणाने वरून चिकटवली आणि आपलं काम लांबून न्याहाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ मिनिटं ऊन पडलं. भाऊ धावत झाडाखाली गेले, शर्ट आणि दोन बनियन काढली, काळा चष्मा लावला आणि नारळ हातात धरून खुर्चीत रेलले.

“हसा,” मी म्हणाले.

“हसूनच राहिलो,” ते दातावर दात आपटत म्हणाले.

मोबाइलची रेंज फक्त धक्क्यावर यायची. तिथून फोटो पाठवले आणि पाच मिनिटांत वहिनींचा फोन आला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून भाऊंनी स्पीकर लावला.

“काऊन असे उघडे बसले तुम्ही? ओठ जांभळे पडले न!”

“ते सावलीमुळे दिसते.”

“अन् मागची ती मेंढी? तिच्या अंगावर पहा किती लोकर आहे. तिला नाही होत का गरम?”

“आयर्लंडची मेंढी आहे, तिला सवय नाही उन्हाची.”

मी कॅमेऱ्याच्या झाकणाशी खेळत राहिले. पलीकडे नागपूरच्या कूलरची घरघर ऐकू येत होती.

“दोन वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही मला तापमान सांगून राहिले. तुम्हाला मी तिथं पाहिजे का नाही, हे एकदा तरी बोलले का?”

कुठल्याही तापमानाला भाऊंकडे तीन उत्तरं तयार असत. त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. पाठमोरे, बनियनवरच. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. फार बोलले नसावेत, कारण लगेच परत आले आणि म्हणाले, “माझा शर्ट कुठं आहे?”

वहिनी डिसेंबरात आल्या. विमानतळावर भाऊ लांब कोट घालून उभे होते, आणि तसाच दुसरा त्यांच्या हातावर होता. अजूनही आम्ही शेजारीच आहोत. आता सकाळी गाडी काढताना ते चारचौघांसारखे म्हणतात, “काय थंडी पडली आहे!” मी मान डोलावते. मग वहिनी आतून हाक मारतात, ते घाईने आत जातात, आणि मी तिथेच थोडा वेळ उभी राहते, काहीतरी विसरल्यासारखी.