तिसऱ्या तारेचा जीव

मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हापासून तिची गिटार आमच्या डोंबिवलीच्या घरात माझ्या ताब्यात आहे. मला वाजवता येत नाही. सहा तारा एकेक करून छेडल्या की सहाही सारख्याच जोरात ऐकू येतात का, एवढंच कळतं. गिटारीत तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवलेला आहे. वायर जोडली की आवाज तिच्या छोट्या अँप्लिफायरमधून येतो. पिकअपला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. ती गळली तर आतलं सगळं खराब होतं, म्हणून मी ती काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा मीटरवर तपासून, लावून बघतो. वायर नुसती खोचलेली राहिली तरी बॅटरी उतरते. मुलीला हे सांगून सांगून मी थकलो होतो. आता सांगायला कोणी नाही.

मागच्या फोनवर ती म्हणाली, "बाबा, कुणाला तरी देऊन टाक ना. उगाच जागा अडते."

जागा तिच्याच खोलीतली. खोली रिकामी आहे. मी "बघू" म्हणालो.

द्यायचीच तर नीट करून द्यावी, म्हणून रविवारी दुपारी गंजलेल्या तारा काढल्या. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती उचलली. तिच्याखाली खाचेत पिकअपची बारीक पट्टी असते. दोन्हींच्या मधे, तिसऱ्या तारेच्या जागी, कागदाचा कपटा अडकला होता. मी ब्रशने खाच स्वच्छ झाडली आणि केर डब्यात टाकला.

"आता उटणं पण लावा तिला," बायको म्हणाली.

नव्या तारा चढवल्या, वायर जोडली. पाच तारा ठणठणीत वाजल्या. तिसरी मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखी. बॅटरी पाहिली, भरलेली. पट्टी काढून पुन्हा बसवली. तिसरी तशीच. ही वाजायला लागल्याशिवाय आता गिटार ना देता येणार, ना ठेवता येणार.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, तेव्हा स्पीकरवर टाकून सांगितलं.

"खाच साफ केली? म्हणजे आतला कागद?"

"कचरा होता. काढला."

"अरे बाबा! कचरा नव्हता तो. जीव होता!"

बायको लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तिला लगेच कळलं. तिचा तंबोरा कपाटावर गवसणीत आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवतात. नेमक्या जागी बसला की तार गुंजायला लागते. त्या दोऱ्याला जीव म्हणतात. आई रियाजाला बसली की तो सरकवायचं काम लहानपणी मुलीचं असे. गिटारीची पट्टी तिसऱ्या तारेखाली पिकअपवर दाबून बसत नव्हती, तर तिने तिथे कागदाचा जीव घातला होता.

"कसला कागद होता?"

"आईच्या उदबत्तीच्या पुड्यातला. एकच घडी घाल. दोन घातल्यास तर बोंबलेल ती."

"मला कधी बोलली नाहीस."

"मापं काढत बसला असतास."

तिला फोन ठेवू दिला नाही. देवघरातून पुडा आणला, पातळ कागदाची चिंधी कापली, घडी घातली. तारा सैल करून पट्टी उचलली, कागद सारला, सगळं पुन्हा ताणलं. तेवढ्या वेळात तिकडे ती काहीतरी कुरकुरीत खात होती. बोटांना चंदनाचा वास लागला होता. तिसरी छेडली.

"उतरलीय. चढव जरा. अजून. बास, बास!"

सहाही सारख्या वाजल्या. मी म्हणालो, "आता देता येईल कुणालाही."

तिकडचं खाणं थांबलं होतं.

"बाबा, सगळ्या परत वाजव ना. सावकाश."

मी वाजवल्या. मग पुन्हा. तिला कामावरून कुणाचा तरी फोन यायला लागला, तशी "ठेवते" म्हणाली. गिटार द्यायचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

बॅटरी काढायची होती. वायर तशीच खोचलेली राहू दिली. आमचं जेवण होईपर्यंत अँप्लिफायरची बारीक घरघर तिच्या खोलीतून ऐकू येत होती.