किड्यानं खाल्लेलं पान

तरी मी रोज सांगत होते, पण माझं ऐकतं कोण? आमच्या हुडको कॉलनीतल्या घराच्या अंगणात सदाफुली आहे. नवरा सकाळी उठून तिची पाच पानं चावायचा, शुगरसाठी. तीही निवडून, किड्यांनी भोकं पाडलेली. "किडा खाऊन जित्ता हाये ना? मंग मले काय होते?" सारी नोकरी स्टील प्लांटमध्ये काढलेला माणूस, आणि अक्कल ही! मग रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खाली. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? हे म्हणाले, नाही. पान म्हणजे औषध हाये का, म्हणे!

मी म्हटलं, चला, बालोदकडे औषधी झाडांची नर्सरी आहे. तिथं खा म्हणाले तर मीच तोडून देईन.

दुर्गहून सकाळची पहिली बस धरा, नंतर उभं राहावं लागतं. दोघांचं तिकीट दोनशेच्या आत. गुंडरदेहीला बस थांबते, तिथं उतरून गरम फरे खा, तांदळाच्या पिठाचे, वाफवलेले, टमाटरच्या चटणीसोबत. यांनी दोन प्लेटा हाणल्या, खिशात पानांची पुडी ठेवून. पुढे दोन्हीकडे हिरवंगार धान, पण माझं ध्यान त्या पुडीवर. नर्सरीच्या फाट्याला उतरलं की पुढे अर्धा तास पायी आहे. छत्री न्या.

नर्सरीच्या मॅडम तरुण. भोकं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अंकल, यही तो सबसे कड़वे हैं!"

मग हिंदीतच समजावलं. कडू विष बनवायला झाडाची ताकद लागते, म्हणून ते एरवी बेतानंच बनवतं. किडा चावला की पानात निरोप फिरतो, पेशीतली जनुकं जागी होतात आणि जास्त विष बनवायला लावतात. त्यातूनच कॅन्सरचं औषध काढतात, पण गाळून, मोजून, कारण त्यानं पांढऱ्या पेशीही कमी होतात. कुठल्या पानात किती, हे बघून कळत नाही.

हे म्हणाले, "मतलब सायरन बजा तो फायर-पंप चालू."

"बिलकुल अंकल. और आप उसी पंप का पानी पी रहे थे."

मी इतकी हसले की यांनी रागानं पुडी तिथंच कचऱ्यात टाकली. हेच पाहिजे होतं मला.

पानं बंद. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं, पेशी वर. पानांमुळेच झालं होतं असं पक्कं सांगता येत नाही, पण परत खाऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. मी लॅबच्या पायरीवरच बसले.

"कावून रडून राहिली?"

"रडून नाही राहिली. भूक लागली. समोसा आना."

तेव्हापासून झोप लागते मला. आता सदाफुलीला पाणी घालते तेही जरा मान देऊन.

त्याच दिवशी घरी येऊन दुर्गमध्येच पद्मनाभपूरला राहणाऱ्या मोठ्या नणंदेला खुशखबर दिली, तर त्या फोनवर हसल्या. "अवो, त्याले पानं मीच तं सांगतली! मी दोन वर्सांपासून खाऊन राहिली."

नणंदबाई, मी लिहिलेलं तुम्ही वाचता, मला माहीत आहे. आजच्या आज पानं बंद करा, डॉक्टरांना खरं सांगा, रक्त तपासा. पेशी किती आल्या? रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.