आईचं डाएट आणि चांदणी चौकातला नैवेद्य

"बुधवारचं तिकीट काढ, मी वाईला जाते," आईने शनिवारी सकाळी जाहीर केलं. तिच्यासमोर उकडलेल्या दुधीचा वाडगा होता आणि तिने त्याला हातही लावला नव्हता.

आईचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. गुडगावच्या सर्जनने सांगितलं, आधी पाच किलो कमी करा, मग ऑपरेशन. म्हणून मी तिला आमच्याकडे आणलं, सोसायटीतल्या डाएटिशियनकडून कॅलरी मोजलेला तक्ता आणून फ्रीजवर चिकटवला. तीन किलो झरझर उतरले आणि मग काटा जो रुसला तो हलेचना. त्यात लेकीकडे किती दिवस राहायचं, जावयासमोर रोज हे नको ते नको काय करायचं, हा संकोच होताच. ती परत गेली की ऑपरेशन बारगळलंच म्हणायचं. वाईला शेजारपाजारचे डबे सुरू होणार, उतरलेले किलो व्याजासकट परत येणार आणि ही बाई घराचा जिनाही उतरू शकणार नाही. मी ते होऊ देणार नव्हते.

डाएटिशियनला फोन लावला. पंजाबी मुलगी, स्वभावाने गोड. "दीदी, आंटीजी बोर हो गयी हैं. बाहर ले जाइए, सब कुछ खिलाइए. बस हर चीज़ आधी छोड़ दीजिएगा." अर्धं खायचं, अर्धं सोडायचं, कॅलरी बरोबर बसतात. इतकं सोपं? ठरलं तर मग, रविवारी चांदणी चौक.

तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, आणि गाडीच्या नादी लागू नका. मेट्रो आता गुडगावपासून थेट जाते, तासाभरात पोचवते आणि पार्किंगसाठी भांडण होत नाही. स्टेशनबाहेर सायकलरिक्षा मिळतात, भाव आधी ठरवून घ्या. गल्ल्यांच्या तोंडापर्यंत रिक्षा जाते, पुढे पायीच. आई काठी टेकत, माझा दंड धरत निघाली. नवरा, संजय, पुढे गर्दी बाजूला करत होता. "अहो संजयराव, हळू," आई मागून म्हणत होती, "खायला पळायचं नसतं."

पहिला मुक्काम पराठेवाली गली. इथे पराठा तव्यावर भाजतात असं समजून जाऊ नका, कढईत चक्क तळतात. सोबत बटाट्याची भाजी, भोपळ्याची भाजी, चिंचेची चटणी. आईने गोबीचा मागवला. पहिला घास घेतला आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा माणसासारखा दिसला. मला इतकं बरं वाटलं की बरोबर अर्ध्यावर "आई, बस, आता राहू दे" म्हणताना जीभ अडखळली.

"राहू दे म्हणजे?"

"सोडून दे. उरलेला."

"पानात टाकू?"

तिने हे अशा आवाजात विचारलं की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. आता सांगा, डाएटिशियनला बिचारीला काय माहीत, आणि मी तरी हे विसरले कशी? आमच्या घरात पानात टाकायचं नाही म्हणजे नाही. कढीपत्ता आणि शेंगेचा चोथा सोडून आमच्या ताटात काही उरलेलं मी पाहिलेलं नाही. संजय म्हणाला, "द्या आई, मी संपवतो." "माझं उष्टं? जावयाला?" विषय संपला. आईने पराठा संपवला, वाढप्याने न विचारता पुन्हा घातलेली भाजी संपवली, चटणी पुसून घेतली. दिवसाच्या कॅलरी तिथेच खलास झाल्या.

बाहेर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "मला नाही जमायचं गं," ती हळूच म्हणाली. "खाल्लं तर गुडघा बोंबलतो, नाही खाल्लं तर जीव. तू तिकीट काढ." मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

समोर किनारी बाजारच्या तोंडाशी एकजण दौलत की चाट विकत होता. नाव चाट असलं तरी हा दुधाचा फेस. रात्रभर थंडीत ठेवून घुसळायचा, वर खवा, पिठीसाखर आणि केशर. फक्त हिवाळ्यात मिळते आणि जिभेवर ठेवली की दिसेनाशी होते. आई बराच वेळ त्या पांढऱ्या डोंगराकडे बघत होती. मग एकदम मला म्हणाली, "नैवेद्याला आपण किती वाढतो?"

"चमचाभर."

"आणि काय काय वाढतो?"

"सगळंच."

ती काठी टेकत उठली. "भैया, वो भगवान को भोग लगाते ना, उतनाच देना."

"भोग लगाना है, माताजी?"

"हाँ. मेरे को ही लगाना है."

तो इतका हसला की त्याच्या हातातला द्रोण हलला. चमचाभर दिलं, वर खव्याची चिमूट. आईने शेवटपर्यंत चाटून खाल्लं आणि रिकामा द्रोण मला दाखवला. पुढे दरीबा नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तुपातली जाडजूड जलेबी घेतली, तिथेही तेच. कुणी तोंड लावायच्या आत एक तुकडा मोडून घेतला, उरलेलं सगळं कागदासकट संजयकडे. "घ्या संजयराव, हे उष्टं नाही." जावई सासूला नाही म्हणू शकतो का? बिचारा खातच राहिला, पुढे कचोरीही त्याच्याच वाट्याला आली.

घरी आल्यावर आईने लहान वाट्या काढल्या. दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट देव्हाऱ्यापुढच्या पानासारखं. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, उजवीकडे भाजी, मुदीएवढा भात, शिरा असला तर तोही, सगळं चमचा चमचा. दुधीसुद्धा, पण फोडणीचा. टाकायला काही उरतच नव्हतं. डाएटिशियनने नवीन तक्ता करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला, म्हणाली, "आंटीजी, आप ही ठीक कर रही हो." काटा सावकाश हलला. बुधवार आला आणि गेला. थंडी सरता सरता सर्जन हो म्हणाला आणि ऑपरेशन नीट पार पडलं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिला स्टेशनवर सोडलं. डब्याच्या पायऱ्या ती स्वतः चढली, मला हातही लावू दिला नाही. संजयचं वजन चार किलोने वाढलंय, फ्रीजवरचा तक्ता आता त्याच्या नावाचा आहे. गाडी सुटल्यावर मी तिथेच उभी राहून रडले. तो म्हणाला, "अगं, रडतेस काय, बरी होऊन गेली ना?"

हो, बरी होऊन गेली. पण गेली.