बेथियाची कोंबडी

स्टर्लिंग नगराच्या रस्त्यावर बेथियाचा गुत्ता होता, आणि बाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. माप कमी आहे असं कुणी नुसतं पुटपुटला, की कलगीच्या झाकणाचा कथलाचा चंबू ती त्याच्या नाकासमोर धरायची. गावात त्या चंबूला कोंबडीच म्हणत. तिच्या गळ्याच्या आत कथलाची एक पुटकुळी असते. वाइन तिला टेकली की पाइंटाचं माप भरलं. बेथिया म्हणायची, ही माझ्या बापानं बसवलीय, पटत नसेल तर चालता हो. बाप नीनियन गावचा कथलाचा कारागीर, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. लेकीच्या लग्नात हुंड्याला दमडी नव्हती, म्हणून त्यानं ही कोंबडी दिली होती.

एका बाजारच्या दिवशी मापं तपासणारे आले. नगराचं अस्सल माप पाण्यानं भरून त्यांनी ते बेथियाच्या कोंबडीत ओतलं. पाणी पुटकुळीला टेकलं, तरी अस्सल मापात चांगले दोन घोट उरले. तिनं त्यांच्या हातातून माप हिसकावून स्वतः ओतून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे इतकी वर्षं ती गिऱ्हाइकांना लुबाडत आली होती, आणि वर त्यांनाच शिव्या घालत होती.

मग नीनियनला बोलावलं. पुटकुळी तू बसवलीस तिथंच आहे का, एवढंच विचारलं. हो म्हणाला असता तर त्याचं दुकान बुडालं असतं, पण लेकीची अब्रू वाचली असती. म्हाताऱ्यानं कोंबडी उलटीसुलटी केली.

"मी वर बसवली होती," तो म्हणाला. "नंतर कुणीतरी खाली आणलीय."

कुणी, ते कुणाला विचारावं लागलं नाही. कोंबडीला भोक पाडून ती बाजारातल्या खांबावर ठोकली, आणि येणारा-जाणारा तिथं बेथियाच्या नावानं थुंकू लागला.

संध्याकाळी बाप मागल्या दारानं आला. "पोरी, तुझ्या भल्यासाठीच पुटकुळी खाली बसवली गं तेव्हा. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला?"

"आणि आज, बाबा? आज कुणाच्या भल्यासाठी?"



पुढे हात थरथरायला लागले तसा तो तिच्याकडेच राहायला आला. तिनं त्याला जवाचं कढण, ओटची भाकरी, काही कमी पडू दिलं नाही. फक्त वाइन देताना नगराकडून तपासून घेतलेली नवी कोंबडी चारचौघांत त्याच्या नाकासमोर धरायची. "बघा बाबा, पुटकुळीपर्यंत आहे ना?" त्यानं मोठ्यानं 'आहे' म्हटल्याशिवाय पेला हाती मिळत नसे.

शेवटी त्यानं वाइन सोडली आणि पाणी मागू लागला. तेही ती मापूनच द्यायची.