गोटहिल्फचे स्वतःचे सर्व्हर

भाडं म्हटलं की गोटहिल्फ बॉयर्लेच्या कपाळावर आठी चढे. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनच्या या गृहस्थाने आयुष्यात दोनदा वापरायला काँक्रीट मिक्सर विकत घेतला होता आणि तो भिजू नये म्हणून शेड बांधली होती. आमच्या गावात अशा माणसाला कर्तबगार म्हणतात, काय करणार!

धाकट्या बहिणीबरोबर, इर्मेलाबरोबर, त्याने धंदा काढला. लोकांनी रात्री फोनवरच्या अ‍ॅपमधून ब्रेडची मागणी नोंदवायची, बेकरने पहाटे ती बघून भाजायचं. त्यासाठी इर्मेलाने नगरपालिकेतली एकोणीस वर्षांची नोकरी सोडली.

"सर्व्हर भाड्याने घेऊ," ती म्हणाली. "वीज, दुरुस्ती, सगळं कंपनीच्या गळ्यात."

"आणि उद्या त्यांनी हाकललं तर? आपलं ते आपलं!"

झालं. दोन सर्व्हर सहा बिऱ्हाडांच्या सामायिक तळघरात, बटाट्यांच्या पेट्यांशेजारी विराजमान झाले. येईल त्याला गोटहिल्फ ते दाखवायचा. त्या घरात झाडलोटीची पाटी दर आठवड्याला एका दारावरून पुढच्या दारावर जाई; ज्याच्या दारावर ती, त्याने जिना आणि तळघर पुसायचं.

शुक्रवारी दुपारी इर्मेला बेकरांच्या बैठकीत उभी राहिली. अठ्ठावीस बेकर होते. त्यांनी हो म्हटलं तरच धंदा उभा राहणार होता. तिने मागणी नोंदवून दाखवायला सुरुवात केली आणि पडदा कोरा झाला. घाबरून तिने तिथेच स्पीकरवर भावाला फोन लावला.

"मीच बंद केलेत," तो शांतपणे म्हणाला. "या आठवड्यात झाडलोटीची पाटी माझ्या दारावर आहे ना. तळघर पुसतोय. ओल्या फरशीवर वीज चालू ठेवू?"

"अरे मूर्खा, सगळे समोर बसलेत! उद्या पूस!"

"उद्या? वरच्या श्टेंगलेबाईंनी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहील का?"

कुणीही हसलं नाही. लायब्ले नावाच्या म्हाताऱ्या बेकरने गंभीरपणे मान डोलावली.

"बरोबर आहे त्याचं. पाटी लागली की पुसायलाच हवं."

सगळ्या माना डोलल्या. एकापेक्षा एक शहाणे! मग लायब्लेने कोट चढवला.

"पण बाई, आमच्या भट्ट्या पहाटे तीनला पेटतात. ज्याला तळघर पुसावं लागत नाही, असा कुणीतरी बघतो आम्ही."

इर्मेला परतली तेव्हा तळघर आरशासारखं लख्ख होतं आणि दोन्ही सर्व्हर पुन्हा घुमत होते.

"सगळे गेले, गोटहिल्फ," ती दारातून म्हणाली. "एकानेही सही केली नाही. माझी नोकरीही गेली."

त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं.

"तिथेच थांब," तो म्हणाला. "फरशी अजून ओली आहे."