नंदादीप आणि लाल मोटार

जुगुप्सा हा बीभत्सरसाचा स्थायीभाव, असे शाळेत संस्कृत शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो. स्मशान, गिधाडे, कृमी ही ठरलेली उदाहरणे द्यायची, मुलांनी तोंडे वाकडी करायची आणि तास संपायचा. तो भाव स्वतः कधी अनुभवला होता असे मात्र मला म्हणता येणार नाही. वयाने आणि नित्यपूजेने मन निवलेले असते, अशी माझी समजूत होती. ती समजूत पुतण्याच्या लाल मोटारीत बसून बोर्डीहून तलासरीला येताना मोडली.

पुतण्या आमच्याच घरी राहतो आणि वापीच्या एका कारखान्यात नोकरी करतो. ही दोन दारांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी मोटार त्याने कोणाकडून तरी जुनी घेतली. तिच्यात बसायचे म्हणजे खड्ड्यात उतरायचे आणि बाहेर यायचे म्हणजे कोणीतरी हात द्यायचा. गेल्या हिवाळ्यात गियर बदलला की पुढून ‘धप्प’ असा आवाज येऊ लागला. माझे डोळे तपासून परतताना त्याने ती हमरस्त्यावरच्या गॅरेजात नेली, म्हणून पुढचे सारे माझ्यासमोर घडले.

इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते त्यांना गॅरेजवाले माउंटिंग म्हणतात. ती झिजली होती. कारागिराने ती काढून फरशीवर ठेवली. रबर तेलाने फुगलेले, भेगाळलेले, लोखंडापासून सुटलेले. इंजिनाची सारी थरथर इतकी वर्षे या तुकड्यांनी आपल्या अंगात जिरवली आणि बसणाऱ्याला तिचा पत्ता लागू दिला नाही, हे कळल्यावर त्या घाणेरड्या गोळ्यांविषयी मला आदरच वाटला.

“रबराचीच नवीन टाकू ना?” कारागिराने विचारले.

“रबर परत झिजणार. पीयू टाक. त्यातलं सगळ्यात कडक.”

“शेठ, रेसिंगवाले टाकतात ते. गाडी उभी असली तरी सगळी धडधड आत येईल.”

“येऊ दे की! गाडी जिवंत वाटली पाहिजे. काय काका?”

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जांभळ्या रंगाचे, चकचकीत, मिठाईच्या वड्यांसारखे ते तुकडे होते. मी एकाला नखाने दाबून पाहिले. तो दबला नाही. हा माझा विषय नव्हे, असे म्हणून मी गप्प राहिलो.

यानंतर थोड्याच दिवसांनी बोर्डीहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आमची आई शेवटची वर्षे आक्काकडेच होती. आईने लावलेला नंदादीप आक्काने तिच्यामागे अखंड तेवत ठेवला. पण आता आक्काचे हात कापतात. दोनदा तेल सांडले, एकदा पदराला झळ लागली. दिवा माझ्या देवघरात न्यावा असे ठरले, ते तिने कोणत्या मनाने ठरवले असेल ते तिलाच ठाऊक. आमच्यात चालत आलेली रीत अशी की तेवता दिवा घराबाहेर न्यायचा तर घरच्याच वाहनातून न्यावा, भाड्याच्या नाही. आणि उचलल्यापासून नव्या जागी ठेवेपर्यंत नेणाऱ्याने मौन पाळावे. घरचे वाहन म्हणजे ती लाल मोटार. तिच्यात आसने दोनच, त्यामुळे आक्काला सोबत येता येणार नव्हते.

निघताना आक्काने वात सारली, तेल पाहिले, काचेची हंडी बसवली. मला म्हणाली, “पोचलास की फोन कर. वाटेत शांत झाला, तर करू नकोस. मी समजेन.”

“आत्या, काय टेन्शन घेतेस? विमानासारखी नेतो,” पुतण्या म्हणाला.

“विमान नको रे बाबा. बैलगाडीसारखी ने.”

मी दिवा उचलला आणि माझे मौन सुरू झाले.

आसनात उतरून मी पायाशी पाट ठेवला, पाटावर दिवा, आणि दोन्ही हातांनी हंडी धरली. वारा नको म्हणून काचा बंद करून घेतल्या होत्या. पुतण्याने किल्ली फिरवली. त्या क्षणी जे माझ्या अंगात शिरले त्याला हादरा म्हणता येत नाही. हादरा येतो आणि जातो. हे जातच नव्हते. ती एक बारीक, अखंड, निर्लज्ज थरथर होती. पायांच्या तळव्यांतून वर येऊन ती मांड्यांत पसरली, कण्यातून चढून दातांच्या मुळांशी जाऊन बसली. आरशातला मागचा रस्ता ओळखू येईना. दाराच्या आतला कोणतासा पत्रा माशीसारखा घोंगावत होता. गालाचे मांस आपले आपण हलते आहे, हे मला कळत होते आणि थांबवता येत नव्हते. कोणा परक्याने अंगाला हात लावावा आणि तो काढून घेऊ नये, तशी किळस मला आली. बाहेर चिकूच्या वाड्या मागे पडत होत्या. त्यांच्याकडे पाहून मन शांत करावे म्हटले, तर डोळ्यांतली नजरही ठरेना.

“बघितलंत काका? पाय ठेवला की डायरेक्ट पळते! आधी कशी ढिली वाटायची.” पुतण्याचा चेहरा एखाद्या भक्तासारखा उजळला होता. त्याचीच मला अधिक शिसारी आली.

गाडी वेगात असताना थरथर थोडी तरी पातळ व्हायची. रेल्वेच्या फाटकाशी आम्ही थांबलो आणि ती दाट झाली. दिव्यातल्या तेलावर बारीक वर्तुळे उमटू लागली. हंडी पितळेवर किणकिणू लागली. वात कणाकणाने मागे सरकत तेलात बुडू लागली. ज्योत हरभऱ्याएवढी झाली, मग मुगाएवढी. मी पुतण्याच्या दंडाला हात लावून इंजिन बंद करण्याची खूण केली.

“बंद केली तर एसी जाईल, काका. घाम फुटेल तुम्हाला. आत्ता उघडतंय फाटक.”

मी पुन्हा खूण केली. त्याने ॲक्सिलरेटर किंचित दाबून मला इंजिनाचा आवाज ऐकवला. ज्योत निळी पडली.

आईची रीत माझ्या ओठांवर होती आणि आईचा दिवा माझ्या पायाशी. आक्का फोनजवळ बसली असेल, हे मला दिसत होते.

“बंद कर!” मी म्हणालो.

त्याने दचकून किल्ली फिरवली. सारे निश्चल झाले. मी हंडी उचलली, काडीने वात वर ओढली आणि श्वास रोखून पाहत राहिलो. निळा ठिपका पिवळा झाला, हळूहळू उंच झाला.

इथेच मी पुन्हा मौन धरायला हवे होते. पण तोंड एकदा उघडले होते. मी त्याला म्हणालो, “अरे, ज्याने दुसऱ्याची थरथर सोसायची त्यालाच तू दगड केलेस! वर याला जिवंतपणा म्हणतोस? मढ्यावर माशा घोंगावतात, त्यालाही म्हणशील.” आणखीही बोललो, ते लिहिण्याजोगे नाही. फाटक उघडले तरी मी बोलत होतो. मागच्यांनी हॉर्न वाजवले, कोणीतरी गुजरातीत आमचा उद्धार केला. पुतण्या मान खाली घालून एवढेच म्हणाला, “काका, मौन…”

मी खांद्यावरचे उपरणे काढले, त्याची झोळी करून गळ्यात अडकवली आणि दिवा तिच्यात अधांतरी धरला. पाठ आसनापासून सोडवून, पुढे वाकून बसलो. थरथर माझ्या मानेपर्यंत येत होती. झोळीत ती बरीचशी विरत होती. प्रत्येक थांब्यावर पुतण्या न सांगता इंजिन बंद करत होता. तलासरीला उतरलो तेव्हा मान ताठरलेली होती आणि जबडा दुखत होता. दिवा तेवत होता. तो देवघरात ठेवून मी फोन केला.

 आक्काने विचारले, “मौन पाळलेस ना?”

“नाही. वात बुडत होती. ‘बंद कर’ म्हणालो.”

“तेवढेच?”

“नाही, आक्का. नंतर पुष्कळ बोललो. रागाने बोललो.”

“पहिले दोन शब्द दिव्यासाठी होते, त्यांचा दोष नाही. बाकीचे तुझे. त्यांचे प्रायश्चित्त घे. सोमवारी दिवसभर मौन धर.” आणि मग हलक्या आवाजात, “ज्योत केवढी आहे रे आता?”

“करंगळीएवढी.”

सोमवारी मी मौन धरून दिव्यासमोर बसलो होतो. संध्याकाळी कारखान्यातून येऊन पुतण्याने मोटार खिडकीखाली उभी केली आणि इंजिन चालूच ठेवून तो कोणाशी तरी फोनवर बोलत राहिला. खिडकीच्या काचा चौकटीत घोंगावू लागल्या, आणि मला तीच किळस आली. मला उठून बाहेर जाता आले असते. मी गेलो नाही. ज्योतीला हात आडवा धरून, तो बोलणे संपवीपर्यंत बसून राहिलो.